रेषेबाहेरचा आठवा

भिवंडीत नदीनाक्याचा पूल ओलांडला की कामवारी नदी मागे पडते आणि वाडा रोडच्या दोन्ही अंगांनी शेलार गाव सुरू होतं. कपड्याचे तागे भरलेले टेम्पो, डाईंगची धुराडी आणि यंत्रमागांची अखंड खटखट. रस्ता सोडून गावठाणाकडे वळल्यावर ती खटखट जरा दबते. तिथल्या चहाच्या टपरीवर चौघं जण एका मोबाइलवर वाकले होते. त्यातल्या वयस्कर माणसानं पडद्यावर बोट टेकवून चित्र थांबवलं.

“आता बग. टाइम किती ऱ्हायलाय बग. आनि ह्यो मानूस नुस्ता बसून हाय.”

पडद्यावर प्रो कबड्डीतली २०१९ ची उपांत्य लढत होती. यू मुंबा ३५, बंगाल वॉरियर्स ३७. ह्यो मानूस म्हणजे मुंबईचे प्रशिक्षक. सामन्याला कित्येक वर्षं झाली, तो संघ पांगला, ते प्रशिक्षकही गेले. तरी या माणसानं तो सामना फोनमध्ये जपून ठेवलाय आणि दोन गुणांचा हिशेब अजून चुकता झालेला नाही.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला, राग. घरातला, रस्त्यावरचा, राजकारणातला राग इतरांनी वाटून घेतला. मला कबड्डीतला राग हवा होता. आपला संघ हरला की आतडं पिळवटतं, आणि ते सगळं रेषेबाहेर बसलेल्या एका माणसावर निघतं, तो राग. मैदानात सात जण खेळतात. हा आठवा. त्याला चढाई करता येत नाही, पकड करता येत नाही, आणि हरण्याची पहिली शिवी मात्र त्याच्याच नावाची असते.

सगळेच खेळून बसलेले

क्रिकेट बघणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी सीझनचा चेंडू हातात धरलेला असतो. भिवंडी, कल्याण, पनवेल, अलिबाग या आगरी पट्ट्यात कबड्डीचं तसं नाही. इथे बघणारा खेळलेला असतो. भात झोडून झालं की खळ्याच्या जागी नाही तर मोकळ्या शेतात मैदान आखायचं, दिवाळीनंतर सामन्यांचे फलक लागायचे आणि पाऊस येईपर्यंत प्रकाशझोतातल्या स्पर्धा चालायच्या, हे इथलं वर्षाचं चक्र. ज्यानं गुडघा फोडून घेतलेला नाही असा पन्नाशीतला पुरुष मला त्या टपरीवर सापडला नाही. एकानं पॅन्ट वर करून व्रण दाखवला. दुसऱ्याचं उजव्या हाताचं मधलं बोट वाकडंच राहिलंय, साखळी पकडताना निखळलं होतं.

म्हणून इथला राग “हे हरले” एवढ्यावर थांबत नाही, तो नेमक्या जागी बोट ठेवतो. “तिसरी चढाई होती, तिथं नवा पोर का पाठवला?” “डावा कोपरा दमला होता, बदलला का नाही?” “तीनच जण होते, पाच मिनिटं होती, अव्वल पकड मांडायची सोडून बोनसला कशाला भुलले?” ही भाषा वर्तमानपत्रातली नाही, पायातून डोक्यात गेलेली आहे. मोबाइलवाल्याच्या शेजारचा माणूस बोलता बोलता उठला आणि मध्यरेषेवरून मागे कसं यायचं ते चहाचा ग्लास हातात धरूनच करून दाखवलं. ग्लासातला थेंब सांडला नाही.

“पाय सोरला त्यानं! घोट्यात पकर झाल्यावर पाय सोरायचा नस्तो.”

हा राग मला आदर वाटावा असा वाटला. मात्र त्याच टपरीवर दीड तास बसल्यावर एक गोष्ट खटकायला लागली. खेळाडूच्या प्रत्येक हालचालीचं कारण या माणसांना माहीत आहे. प्रशिक्षकाच्या एकाही निर्णयाचं कारण त्यांनी विचारलं नाही.

चाळीस मिनिटांत त्याच्या हातात काय असतं

वीस मिनिटांचा एक डाव, मग मध्यंतर, पुन्हा वीस मिनिटं. एक चढाई तीस सेकंदांची. बाकावर पाच राखीव. टाइमआऊट मोजके. आपला चढाईपटू समोरच्यांत गेल्यावर बाहेरून ओरडून सांगितलेलं त्याच्या कानात शिरत नाही, दमाबरोबर स्वतःचाच आवाज कानात भरलेला असतो.

मग प्रशिक्षक करतो काय? तो हिशेब करतो. कबड्डीत बाद झालेला खेळाडू ज्या क्रमानं बाद झाला त्याच क्रमानं जिवंत होतो. समजा तुमचा मुख्य चढाईपटू तिसरा बाद झाला. आता तो आत येण्यासाठी संघाला समोरचे तीन गडी बाद करावे लागणार. ते तीन कोण बाद करणार? दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणावाच लागतो, नाही तर जाणारा बाद. तेव्हा दोन रिकाम्या चढाया कोणी करायच्या आणि तिसरीला कोणाला ठेवायचं हे आधीच ठरलेलं हवं. समोर सहा किंवा सात जण असतील तरच बोनस मिळतो, तेव्हा बोनसवर जगणारा चढाईपटू पाच जणांसमोर पाठवून उपयोग नाही. आपले तीन किंवा कमी उरले तर पकडीला जास्तीचा गुण मिळतो, हीच अव्वल पकड, म्हणून कधी कधी लवकर लोण, म्हणजे सगळा संघ बाद होणं, स्वीकारून सातही जण परत उभे करणं शहाणपणाचं, आणि कधी तीन जणांवरच झुलत राहणं शहाणपणाचं. लोणाचे दोन गुण द्यायचे की वाचवायचे, हे घड्याळ बघून ठरतं.

बाहेरून बघताना यातलं काहीच दिसत नाही. दिसतो तो ट्रॅकसूट घालून हाताची घडी घातलेला एक माणूस.

आणि खरं तर त्याचं निम्मं काम सामन्याआधी संपलेलं असतं. बचावातल्या कोपरा आणि कव्हर या दोघांनी एकाच क्षणी झेप घ्यायची असते, एक पाय धरतो तेव्हा दुसरा कंबरेला भिडतो. ही जोडी महिनोन् महिने एकत्र घाम गाळल्याशिवाय जमत नाही. अर्धा सेकंद मागेपुढे झाला की गुण समोरच्याला. सामन्याच्या मॅटवर जे चुकताना दिसतं ते सरावाच्या मैदानावर कधीच चुकून गेलेलं असतं. तिथे ते बघायला कोणी नसतं, एवढंच.

मुंबईची खुर्ची

शेलारमधली ही मंडळी यू मुंबाची. मधल्या वाईट वर्षांत पुण्याच्या संघाकडे बघायला सांगितलं तर मान हलवत नाहीत. त्यांचा राग कळायचा तर सुरुवातीचे दिवस आठवायला हवेत. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली. पहिल्याच वर्षी मुंबई अंतिम फेरीत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, जयपूरकडून ३५-२४ अशी हार. पुढच्या वर्षी, २३ ऑगस्ट २०१५ ला, त्याच डोममध्ये बेंगळुरूला ३६-३० हरवून विजेतेपद. तिसऱ्या मोसमात पुन्हा अंतिम फेरी, पाटण्याकडून ३१-२८. ओळीनं तीन अंतिम फेऱ्या. कर्णधार अनुप कुमार, प्रशिक्षक ई. भास्करन. अनुप तसा हरयाणाचा, पण मध्यरेषेवर सावकाश जाऊन बोनस काढून आणणारा तो माणूस इथल्या पोरांनी आपल्या गावचा करून टाकला.

त्यानंतर मुंबईला एकही अंतिम सामना खेळायला मिळालेला नाही.

२०१८ मध्ये इराणचे घोलामरेझा माझंदरानी आले. त्या मोसमात कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई ३६ लाख ४० हजारांत मुंबईला मिळाला आणि त्यानं चढाईत २१८ गुण काढले. टपरीवर हे नाव निघालं तसे चौघंही एकदम बोलायला लागले. कारण पुढच्या लिलावात तो तेलुगू टायटन्सकडे गेला, १ कोटी ४५ लाखांना. माझंदरानीही गेले. २०१९ मध्ये संजीव बालियान आले, तीच ती ३७-३५ ची उपांत्य फेरी. मग राजगुरू सुब्रमणियन, मग अनिल चपराना, मुख्य प्रशिक्षक म्हणून एकेक मोसम. मग पुन्हा माझंदरानी. २०२४ च्या मोसमात बाद फेरी गाठली, पाटण्यानं तिथेच थांबवलं. २०२५ ला भारताचे माजी कर्णधार राकेश कुमार आले.

आता इथे मला थोडं भांडायचं आहे, या माझ्या नव्या मित्रांशी. दर वर्षी नवा माणूस आणून बसवला, तर कोपरा आणि कव्हरची जोडी जुळायला वेळ कुठून येणार? देसाईला सोडणं चूक असेलही, पण लिलावाच्या टेबलावर पैशाची मर्यादा असते, मालक असतात, राखायच्या खेळाडूंचे नियम असतात. प्रशिक्षक तिथे बसतो, बोलतो, पण शेवटचा शब्द त्याचाच असतो असं नाही. संघ बांधणारे अनेक आणि जबाबदार एकटा, हा या खुर्चीचा अन्याय आहे.

उलटं उदाहरण बेंगळुरूचं. रणधीर सिंग सेहरावत पहिल्या मोसमापासून अकराव्यापर्यंत त्या एकाच संघाचे प्रशिक्षक राहिले. मधल्या काळात अपयशही आलं, तरी सहाव्या मोसमात विजेतेपद मिळालं. अकराव्या मोसमात संघ तळाला गेला आणि मग बदल झाला. तिथे त्यांच्या जागी आले बी. सी. रमेश. हे तेच, ज्यांच्या बंगालनं २०१९ ची ती उपांत्य फेरी जिंकून पुढे विजेतेपदही घेतलं. नंतर ते पुण्यात आले. २०२२ ला पुणेरी पलटण अंतिम फेरीत जयपूरकडून ३३-२९ हरली. हा सामना मुंबईतच झाला होता. पुण्यानं माणूस बदलला नाही. अस्लम इनामदार, पंकज मोहिते, आकाश शिंदे ही महाराष्ट्राची पोरं टिकवली. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरयाणाला २८-२५ हरवून पलटण पहिल्यांदा विजेती झाली. आणि पुढच्याच मोसमात पहिल्या सहांतही आली नाही. रमेश गेले. विजेतेपदाची पुण्याई आठ-नऊ महिने पुरली.

मी हे सगळं टपरीवर मांडलं. मोबाइलवाल्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तुमचा बरोबर हाय. पन आमाला मॅच बगाला भेटते कुटं?” हे मात्र निरुत्तर करणारं होतं. जानेवारी २०२४ मध्ये वरळीला सामने झाले. त्यानंतरच्या दोन मोसमांत मुंबईत एकही सामना नव्हता. हैदराबाद, नोएडा, पुणे. मग विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली. ज्या संघावर जीव आहे तो घरी येतच नाही. टेम्पो करून वरळीला जायचं, ओरडायचं, हरलो तर परतीच्या वाटेवर भांडून मोकळं व्हायचं, ही वाटच बंद झाली. राग मोबाइलमध्ये साचून राहिलाय.

एक गेल्या, एक आले

२०१८ च्या ऑगस्टमधल्या दोन दिवसांची गोष्ट या विषयात सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जकार्ताच्या आशियाई खेळांत २३ तारखेला भारताचे पुरुष उपांत्य फेरीत इराणकडून २७-१८ हरले. १९९० मध्ये कबड्डी आशियाई खेळांत आल्यापासून सातही सुवर्णपदकं भारताची होती. त्या संघात मुंबईचा रिशांक देवाडिगा होता, आपल्या ठाणे जिल्ह्याचा गिरीश इरनाक होता. दुसऱ्या दिवशी महिलांचा अंतिम सामना. इराण २७, भारत २४.

पुरुषांना हरवणाऱ्या संघाचे प्रशिक्षक तेच माझंदरानी, जे दोन महिन्यांत मुंबईच्या बाकावर येऊन बसले. आणि महिलांना हरवणाऱ्या इराणच्या संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन.

शैलजाताईंनी उभं आयुष्य महाराष्ट्रात प्रशिक्षक म्हणून काढलं. निवृत्तीनंतर इराणचं बोलावणं आलं. परका देश, परकी भाषा. मुलींशी बोलता यावं म्हणून त्या फारसी शिकल्या. योगासनं आणि प्राणायाम त्यांनी सरावात आणले. श्वासाचा खेळ आहे, श्वासापासून सुरुवात केली. हाताशी वेळ आणि संघ बांधायची मोकळीक असली की एक प्रशिक्षक काय करू शकतो, याचा एवढा स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही. भारताच्या संघाची धुरा त्यांच्याकडे कधी आली नाही. टपरीवर त्यांचं नाव एकालाच माहीत होतं, तेही आडनाव आठवेना. त्या पराभवाचा राग सगळ्यांना तोंडपाठ होता. ती जिंकणारी बाई आपली होती, हे कोणी त्यांच्यापर्यंत पोचवलंच नव्हतं. ही चूक त्यांची नाही, आम्हा लिहिणाऱ्यांची आहे.

चार दिवसांचे सर

गावच्या कबड्डी मंडळातून पोरगा कॉलेजच्या संघात जातो तेव्हा काय होतं, हे मला स्वतःला ठाऊक आहे. माझ्या कॉलेजचा संघ विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरला होता. आम्ही शंभरेक जण बघायला गेलो होतो. सामना संपल्यावर आम्ही जिमखान्याच्या सरांच्या नावानं ओरडलो, त्यांच्या खुर्चीभोवती घोळका केला. ओरडणाऱ्यांत मी पुढे होतो. सर काही बोलले नाहीत. पाण्याच्या बाटल्या गोळा करून पिशवीत भरत राहिले.

पुढे कितीतरी दिवसांनी संघातल्या एका मित्रानं सांगितलं. सरांना संघाची यादी हातात पडली ती सामन्याच्या चार दिवस आधी. त्यातले दोन चढाईपटू आदल्या रात्री आपापल्या मंडळाकडून प्रकाशझोतातली स्पर्धा खेळून पहाटे घरी आले होते. मंडळाला नाही म्हणता येत नाही, तिथे भाऊ, चुलते सगळे बसलेले असतात. संघ एकत्र उभा राहिला तो थेट सामन्याच्या मैदानावर. सरांना हे माहीत होतं आणि त्यांनी आमच्यासमोर कोणाचंही नाव घेतलं नाही.

राज्याच्या संघाचंही दुखणं याच जातीचं. जिल्हे खेळतात, निवड होते, शिबिर लागतं, प्रशिक्षक त्या स्पर्धेपुरता नेमला जातो. समोर रेल्वे आणि सेनादल, जिथे खेळाडू नोकरीला आहेत आणि वर्षभर एकत्र सराव करतात. आपल्याकडचा चांगला पोरगा नोकरी लागली की त्यांच्याकडून उतरतो, त्यालाही पोट आहे. म्हणून २०१८ च्या जानेवारीत हैदराबादला रिशांकच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं सेनादलाला ३४-२९ हरवून राष्ट्रीय विजेतेपद आणलं, तेव्हा ते अकरा वर्षांनी आलेलं होतं. बुवा साळवींच्या महाराष्ट्राला, ज्यांचा १५ जुलैचा जन्मदिवस आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो त्या माणसाच्या राज्याला, अकरा वर्षं वाट बघावी लागली.

फक्की

संध्याकाळी टपरीवरून उठून आम्ही मैदानावर गेलो. मैदान म्हणजे घरांच्या मागे सपाट केलेली जमीन, दोन बांबूंवर दोन दिवे. तिथे एक माणूस पाइप घेऊन माती भिजवत होता. पोरं त्याला काका म्हणतात. पन्नाशी उलटलेली, काल्हेरकडच्या एका गोदामात रात्रपाळी. मंडळाला वीसेक वर्षं तोच शिकवतोय. पैसे घेत नाही, कोणी विचारलेलंही नाही.

माती भिजवण्याची त्याची एक रीत आहे. पाणी सरळ मारायचं नाही, पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून फवारा करायचा. जास्त झालं तर पाय सरकतो, कमी झालं तर गुडघे सोलतात. थोडा वेळ थांबून तो चवड्यावर बसला आणि तळहात जमिनीवर दाबला. हाताला माती चिकटली नाही, ठसा मात्र उमटला. “झाला,” म्हणाला. मग सुतळी ताणून एका डब्यानं फक्की मारायला घेतली. मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा. सुतळी न वापरता आखली तरी रेषा सरळ आली असती असं मला वाटलं, पण त्यानं प्रत्येक वेळी सुतळी ताणली.

मोबाइलवाल्यानं मला कानात सांगितलं की मागच्या महिन्यात गावच्या पोरांनी अंतिम सामना एका गुणानं घालवला, तेव्हा याला लोक खूप बोलले. तो स्वतःही बोलला होता. “मीच जास्ती बोल्लो,” म्हणाला, आणि पुढे जाऊन फक्कीचा डबा धरायला लागला.

मी काकांना त्या सामन्याचं विचारलं. ते थोडा वेळ रेषा बघत राहिले.

“शेवटची चढाई मीच चुकीची दिली. पोराला बोनस येतो, समोर पाचच जन व्हती. मी मोजली न्हाई.”

एवढंच. कोणाला दोष नाही, गर्दीचा उल्लेख नाही. जे टपरीवर चौघांनी दीड तास सांगितलं नव्हतं ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

तोवर पोरं आली होती. कुणी गोदामातून, कुणी लूमवरून, दोघं कॉलेजच्या दप्तरासकट. मैदानाच्या कडेच्या भिंतीवर तीन लहान मुली बसल्या होत्या. एक दुसरीचा घोटा धरत होती आणि तिसरी गुण मोजत होती. आत अजून त्यांना जागा नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, येत्या दिवाळीनंतर त्यांचाही सराव लावायचाय, वेळ बसवतोय.

दिवे लागले. काकांनी डाव्या कोपऱ्यातल्या पोराला पुढे बोलावलं, कव्हरला त्याच्या मागे उभं केलं आणि स्वतः चढाईला गेले. पायात चप्पल नाही, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर, तोंडात कबड्डी कबड्डी. पोरानं पाय धरला. कव्हर उशिरा आला. काका मध्यरेषेला हात लावून उठले, पाठीची माती झटकली.

“पुन्हा. तू त्याचा हात नको बगू, त्याचा खांदा बग. खांदा हलला का तू निघ.”

सहाव्या वेळी दोघं एकदम भिडले आणि काका आडवे झाले. भिंतीवरच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. काकांनी पडल्या पडल्याच हात वर करून गुण दिला, मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि पाळीला अजून पन्नास मिनिटं आहेत म्हणून पुन्हा मध्यरेषेवर जाऊन उभे राहिले.